३९-५ ने जिंकले, आणि दोन दिवसांत संपले

२४ सप्टेंबर २०२२. इंग्लंडमधलं वूस्टर, सिक्सवेज स्टेडियम. घरच्या रग्बी संघाने न्यूकॅसलला ३९-५ असं धुतलं. दोन दिवसांनी इंग्लिश रग्बी संघटनेने याच वूस्टर वॉरियर्सना निलंबित केलं. ५ ऑक्टोबरला खेळाडूंचे करार ज्या कंपनीच्या नावावर होते, ती कंपनीच कोर्टाने गुंडाळली. सगळे खेळाडू एका दिवसात बेकार.

थोडं मागे जाऊ. क्लब १८७१ चा. रग्बी युनियन हा १९९५ पर्यंत हौशी खेळ होता. त्या वर्षी खेळाडूंना पैसे देण्यावरची बंदी उठली आणि सगळी गणितं बदलली. वूस्टरला सेसिल डकवर्थ भेटले, बॉयलरचे कारखानदार. त्यांनी पदरचे पैसे ओतून खालच्या श्रेणीतला संघ वर आणला. २००३-०४ मध्ये दुसऱ्या श्रेणीत २६ पैकी २६ सामने जिंकून संघ पहिल्या श्रेणीत गेला. मग २०१० ला खाली, २०११ ला वर, २०१४ ला पुन्हा खाली, २०१५ ला पुन्हा वर. चाहते या झोक्याला सरावले होते. मधल्या काळात मालक मात्र बदलत गेले.

मे २०२२ मध्ये तर कमालच झाली. प्रीमियरशिप कपच्या फायनलमध्ये लंडन आयरिशशी जादा वेळेनंतरही २५-२५ बरोबरी, आणि नियमानुसार करंडक वूस्टरचा! क्लबचा पहिला मोठा करंडक. तीनच महिन्यांत बातमी आली: कर थकलाय, सरकार कोर्टात गेलंय. वर कोविडकाळातलं सरकारी कर्ज होतंच. कर्मचाऱ्यांचे पगार अडकले.

हा एकट्या वूस्टरचा नशिबाचा फेरा म्हणावा, तर ऑक्टोबरमध्येच दोनदा युरोप जिंकलेला वॉस्प्स बुडाला, १६७ जण कामावरून गेले. जून २०२३ मध्ये लंडन आयरिशही बाहेर, तेही लीगमध्ये पाचवे आल्यावर! १३ संघांची लीग १० वर आली.

म्हणजे मैदानावरच्या चढउतारांचा याच्याशी संबंधच नव्हता. खर्च कमाईपेक्षा जास्त आणि फरक भरणार मालकाचा खिसा, हाच सगळा डोलारा. चांगला मालक मिळाला तर क्लब तरतो, नाहीतर करंडक जिंकूनही बुडतो. मालकांची कुवत आणि हिशेब वेळेत तपासायचं काम संघटनेचं होतं. ब्रिटिश संसदेच्या समितीने जानेवारी २०२३ मध्ये त्यावरूनच संघटना आणि लीग दोघांनाही झापलं. पण तोवर पगार बुडालेले लोक घरी बसले होते.

२०२५-२६ मध्ये वूस्टर दुसऱ्या श्रेणीत परतलं, हे चांगलंच झालं. पण मधले दोन पूर्ण हंगाम सिक्सवेजवर त्यांचा एकही सामना झाला नाही, त्याचा हिशेब कोण देणार?

आपल्याला गुणतक्ता तोंडपाठ असतो. क्लबचा ताळेबंद कधी बघितलाय का?