स्तनरोपण : पिशवीचा आकार व उठाव

कर्करोगामुळे काढून टाकलेल्या स्तनाची पुनर्रचना करण्यासाठी किंवा स्तनाचे आकारमान वाढविण्यासाठी बसविण्यात येणाऱ्या सिलिकोनाच्या पिशवीची घडण. १८९५ मध्ये हायडल्बर्ग येथील शल्यविशारद व्हिन्सेंट्स चेर्नी यांनी एका स्त्रीच्या कमरेवरील चरबीची गाठ तिच्याच स्तनातील पोकळीत बसविली. पुढे पॅराफिनाची अंतःक्षेपणे व स्पंजाचे तुकडे यांचे प्रयोग झाले; ते बहुधा अपायकारकच ठरले. १९६२ मध्ये ह्यूस्टन येथे टॉमस क्रोनिन व फ्रँक जेरो यांनी बसविलेली सिलिकोन जेलची पहिली पिशवी अश्रुबिंदूच्या आकाराची होती. ती फिरू नये म्हणून तिच्या पाठीमागे डॅक्रॉनचे तुकडे जोडलेले असत. नंतरच्या काळात गोल व गुळगुळीत पिशव्या रूढ झाल्या.

आकाराच्या निवडीत केवळ घनफळाचा विचार पुरेसा नसतो. तेवढेच घनफळ असलेल्या दोन पिशव्यांपैकी अधिक उठावाच्या पिशवीचा तळ अरुंद असतो. म्हणून प्रथम छातीवरील तळाची रुंदी व आवरक ऊतकाची जाडी मोजतात आणि मग उठाव ठरवितात. रुंदीपेक्षा मोठी पिशवी बसविल्यास कडा हाताला लागतात व त्वचा ताणली जाते.

१९९० नंतरच्या दशकात घट्ट जेलच्या अश्रुबिंदू आकाराच्या पिशव्या पुन्हा प्रचारात आल्या. गोल पिशवी जागेवर फिरली तरी कळत नाही, अश्रुबिंदू आकाराची फिरल्यास मात्र स्तन विद्रूप दिसतो. यास्तव तिचा पृष्ठभाग खरबरीत ठेवावा लागला. वस्तुतः स्त्री उभी असताना गोल पिशवीतील जेलही खाली उतरते, त्यामुळे छायाचित्रांवरून दोहोंतील फरक ओळखणे तज्ञांनाही कठीण जाते. दिसण्यातील या अल्प लाभाची किंमत पुढे जड ठरली. खरबरीत पृष्ठभागाशी निगडित असा लसीका कोशिकांचा एक विरळ कर्करोग आढळून आला. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यास स्वतंत्र रोग म्हणून मान्यता दिली. २०१९ मध्ये फ्रान्सने अतिखरबरीत पिशव्यांवर बंदी घातली व त्याच वर्षी ॲलर्गन कंपनीने आपल्या अशा पिशव्या जगभरातून परत घेतल्या. रोपणानंतर अनेक वर्षांनी पिशवीभोवती द्रव साचून एका बाजूस सूज येणे, हे या रोगाचे नेहमीचे लक्षण होय. पिशवी व तिच्याभोवतीचे संपूर्ण तंतुमय आवरण वेळीच काढल्यास बहुतेक रुग्ण बऱ्या होतात.