बिगफूटचे ठसे खरे की बनावट : पडताळणीच्या कसोट्या आणि त्यांच्या मर्यादा

उत्तर अमेरिकेच्या वायव्येकडील अरण्यांत ‘बिगफूट’ किंवा ‘सॅस्क्वॉच’ नावाचा दोन पायांवर चालणारा महाकाय प्राणी वावरतो, असा समज गेली अनेक दशके प्रचलित आहे. या प्राण्याचा मृतदेह, अस्थी वा दात आजवर विज्ञानाच्या हाती लागलेला नाही. त्यामुळे त्याच्या अस्तित्वाचा बहुतेक युक्तिवाद पाऊलखुणांवरच उभा आहे. असे ठसे कसे तपासले जातात आणि त्यांवरून नेमके काय सिद्ध होऊ शकते, याचा हा आढावा.

ब्लफ क्रीकचे प्रकरण

‘बिगफूट’ हे नाव सर्वतोमुखी झाले ते १९५८ मध्ये. उत्तर कॅलिफोर्नियातील ब्लफ क्रीक येथे रस्त्याचे काम सुरू असताना बुलडोझरचालक जेरी क्रू यांना यंत्राभोवती सुमारे १६ इंच लांबीची पावले उमटलेली दिसली. त्यांनी प्लास्टरमध्ये घेतलेल्या ठशाचे छायाचित्र त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘हम्बोल्ट टाइम्स’ या दैनिकाने छापले आणि वृत्तसंस्थांमार्फत ती बातमी देशभर पोहोचली. त्या कामाचे कंत्राटदार रे वॉलेस यांचे २००२ मध्ये निधन झाल्यावर, हे ठसे त्यांनी लाकडात कोरलेल्या पावलांनी उमटवले होते, असे त्यांच्या कुटुंबीयांनी जाहीर केले व ती लाकडी पावलेही दाखवली. ती पावले मूळ ठशांशी पूर्णतः जुळत नाहीत, असा आक्षेप बिगफूटचे समर्थक आजही घेतात. मात्र ठशांची पहिली गाजलेली बातमी ४४ वर्षांनंतर थट्टेच्या संशयात सापडली, हे निर्विवाद आहे.

एका ठशापेक्षा माग महत्त्वाचा

अनुभवी मागकाढे एकट्या ठशावर विसंबत नाहीत. ते सलग माग पाहतात. सजीव पाऊल लवचिक असते. टाच टेकते, भार चवड्यावर सरकतो, बोटे माती पकडतात आणि पाऊल उचलताना बोटांच्या मागे मातीचा लहानसा उंचवटा तयार होतो. चढावर बोटांचा भाग खोल रुततो, निसरड्या जागी बोटे फाकतात, दगडावर पडलेले पाऊल अर्धवटच उमटते. म्हणून एकाच मागातील कोणतेही दोन ठसे तंतोतंत सारखे नसतात. चिखल, वाळू आणि उतार बदलूनही आकृती तीच राहत असेल, तर कठीण साच्याचा संशय बळावतो. माग कोठे सुरू होतो व कोठे संपतो, आसपास माणसांच्या बुटांच्या खुणा आहेत काय, वाट नेमकी रहदारीच्या रस्त्यालगतच जाते काय, हेही तपासावे लागते.

खोलीचा फसवा पुरावा

‘ठसा इतका खोल आहे की प्राणी शेकडो किलोंचा असलाच पाहिजे,’ हा दावा वारंवार केला जातो. पण ठशाची खोली केवळ वजनावर अवलंबून नसते. भार किती क्षेत्रफळावर विभागला जातो, जमिनीत ओलावा किती आहे आणि पाऊल किती वेगाने आदळते, यांवरही ती ठरते. धावताना माणसाचे पाऊल जमिनीवर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट बल टाकते. शिवाय ठसा उमटल्यानंतर माती वाळून घट्ट झाली असेल, तर शेजारी चालून पाहणाऱ्याचे पाऊल कमी रुतेल. त्या तुलनेतून काढलेले वजन मग निरर्थक ठरते.

शरीररचना आणि त्वचारेषा

मानवी पावलाला कमान असते. बिगफूटचे म्हणून दाखवले जाणारे ठसे बहुधा सपाट असतात. आयडाहो स्टेट विद्यापीठातील शरीररचनातज्ज्ञ जेफ मेल्ड्रम यांनी काही ठशांत पावलाच्या मध्यभागी वाकल्याची खूण दाखवून ती मानवेतर प्राण्याची असल्याचे प्रतिपादन केले. परंतु बोस्टन येथील विज्ञान संग्रहालयात आलेल्या सुमारे ४०० लोकांच्या चालीचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा जवळपास ८ टक्के माणसांच्या पावलातही असा मध्यभागी वाक आढळला.

बोटांच्या ठशांत दिसतात तशा बारीक त्वचारेषा हा समर्थकांचा आणखी एक भक्कम आधार. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ ग्रोव्हर क्रँट्झ यांनी १९८२ मधील ठशांच्या संदर्भात तो पुढे आणला. टेक्सासमधील ठसेतज्ज्ञ जिमी चिलकट यांनीही काही साच्यांतील रेषा अस्सल मानल्या. त्यावर मॅट क्राउली यांनी प्रयोग करून दाखवले की, कोरड्या, बारीक मातीत प्लास्टर ओतले की माती त्यातील पाणी शोषते आणि तशाच समांतर सुरकुत्या साच्यावर आपोआप उमटतात. म्हणजे पुरावा गोळा करण्याची पद्धतच कधीकधी ‘पुरावा’ निर्माण करते.

बनावट नाही, तरीही बिगफूट नाही

प्रत्येक चुकीचा ठसा लबाडीचा नसतो. अस्वल चालताना मागचे पाऊल पुढच्या पावलाच्या ठशावर टाकते, तेव्हा दोन्ही मिळून लांबट, माणसासारखी आकृती दिसते. अस्वलाचे सर्वांत मोठे बोट बाहेरच्या बाजूला असते, माणसाचे आतल्या. ही खूण येथे उपयोगी पडते. बर्फात तर ऊन लागून ठसा वितळतो, रुंदावतो आणि बोटांच्या सीमा पुसल्या जातात.

हिमालयातील ‘यती’च्या बाबतीत भारतीय वाचकांना याचा प्रत्यय आलेला आहे. नेपाळमधील मकालू तळछावणीजवळ ९ एप्रिल २०१९ रोजी आपल्या गिर्यारोहण पथकाला ३२ बाय १५ इंचांचे ठसे दिसल्याचे भारतीय लष्कराने त्या महिन्याच्या अखेरीस समाजमाध्यमावर जाहीर केले. हे ठसे त्या भागात वावरणाऱ्या अस्वलाचे असल्याचे स्थानिकांचे म्हणणे आहे, असे नेपाळी लष्कराकडून नंतर सांगण्यात आले. त्याआधी २०१७ मध्ये शार्लट लिंडक्विस्ट यांच्या पथकाने यतीचे म्हणून जतन केलेल्या ९ नमुन्यांची जनुकीय तपासणी केली होती. त्यांपैकी ८ अस्वलांचे आणि एक कुत्र्याचा निघाला.

ठशांची मर्यादा

खऱ्या, सुपरिचित प्राण्याच्या बाबतीतही ठसे अपुरे पडतात, हा धडा भारताने मोठी किंमत देऊन घेतला. व्याघ्रगणना अनेक दशके पाऊलखुणांवर चालत असे. काचेवर ठशाची रेखाकृती उतरवणे आणि प्लास्टरचा साचा घेणे ही वनरक्षकांच्या नित्य परिचयाची कामे होती. मात्र एकाच वाघाचा ठसा मातीनुसार बदलतो आणि तपासणाऱ्याच्या अंदाजानुसार त्याचे दोन वाघही होऊ शकतात. कागदोपत्री वाघ असलेल्या राजस्थानातील सरिस्का येथे एकही वाघ उरला नसल्याचे २००५ मध्ये स्पष्ट झाले. त्यानंतर स्वयंचलित कॅमेरे व संख्याशास्त्रीय पद्धती यांवर भर देण्यात आला.

या पार्श्वभूमीवर ठशांच्या परीक्षेचा निष्कर्ष एकतर्फी राहतो. साच्याची पुनरावृत्ती, अशक्यप्राय रचना किंवा अस्वलाची स्पष्ट लक्षणे आढळली, तर दावा फेटाळता येतो. यांपैकी काहीही आढळले नाही, तर लबाडी उघडकीस आली नाही एवढेच म्हणता येते. नवा प्राणी सिद्ध होत नाही. वॉशिंग्टन राज्यातील बॉसबर्ग येथे १९६९ मध्ये सापडलेल्या विकृत पावलाच्या ठशांमागे एखादा भोंदू इतका जाणकार असेल, हे वानरवर्गाचे नामवंत अभ्यासक जॉन नेपियर यांना पटत नव्हते. पण भोंदू सापडला नाही म्हणून प्राणी सापडला, असे होत नाही. त्यासाठी अस्थी, दात किंवा स्वतंत्रपणे पडताळता येईल असा जनुकीय नमुनाच हवा.