प्रकाशप्रेरित प्रभार-विलगन (जोडरंजकांतील)

रासायनिक बंधाने एकमेकांना जोडलेल्या रंजक रेणूंवर प्रकाश पडला की काही वेळा एकातला इलेक्ट्रॉन दुसऱ्यात जातो आणि रेणूच्या एका भागावर धन, तर दुसऱ्यावर ऋण प्रभार येतो. या क्रियेस प्रकाशप्रेरित प्रभार-विलगन म्हणतात. हिरव्या पानातले प्रकाशसंश्लेषणही अशाच क्रियेने सुरू होते. इलेक्ट्रॉन देणारा घटक दाता, घेणारा ग्राही, आणि दोघांना ठरावीक अंतरावर धरून ठेवणारा मधला भाग म्हणजे सेतू.

इलेक्ट्रॉन पलीकडे धाडणे त्या मानाने सोपे; त्याला लगेच परतू न देणे अवघड. पॉर्फिरिनला क्विनोन जोडून केलेली साधी जोडी घ्या. पॉर्फिरिन ४२० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा प्रकाश जोरकस शोषून उत्तेजित होते. सेतू आखूड असेल तर काही पिकोसेकंदांतच (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) इलेक्ट्रॉन क्विनोनवर पोचतो. पण त्याच आखूड सेतूवरून तो परतही येतो आणि मिळालेली ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. सेतू लांबवावा, तर परतीबरोबर जाणेही मंदावते, कारण अंतर वाढेल तसा हा वेग घातांकी प्रमाणात घटतो.

या कोंडीतून वाट काढली ती अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातील डेव्हन्स गस्ट, टॉमस मूर, अ‍ॅना मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९८४ मध्ये त्यांनी कॅरोटिनॉइड, पॉर्फिरिन व क्विनोन यांच्या तिकडीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मधल्या पॉर्फिरिनने क्विनोनला इलेक्ट्रॉन दिला की दुसऱ्या टोकाचे कॅरोटिनॉइड आपला इलेक्ट्रॉन देऊन पॉर्फिरिनची उणीव भरून काढते. दोन आखूड उड्यांत प्रभार दोन टोकांना जातात, मध्ये उदासीन पॉर्फिरिन उरते, आणि विलग अवस्था मायक्रोसेकंदांपर्यंत टिकते. या विषयातली सर्वांत देखणी कल्पना हीच म्हणावी लागेल. जिवाणूंच्या प्रकाशसंश्लेषी केंद्रातही इलेक्ट्रॉन असाच टप्प्याटप्प्याने सरकतो. त्या केंद्राच्या रचनेचा उलगडा केल्याबद्दल डायझेनहोफर, हूबर व मिशेल यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

परतीचा वेग केवळ अंतरावर ठरत नाही. रुडॉल्फ मार्कस यांनी १९५६ पासून विकसित केलेल्या सिद्धांतानुसार अभिक्रियेत मोकळी होणारी ऊर्जा एका मर्यादेपलीकडे वाढली की वेग उलट कमी होतो. यावर बरीच वर्षे विश्वास बसत नव्हता. १९८४ मध्ये जॉन मिलर व गेरहार्ड क्लॉस यांनी स्टेरॉइडच्या ताठ सांगाड्याच्या दोन टोकांना दाता व ग्राही बसवून तो पडताळला. मार्कस यांना १९९२ मध्ये नोबेल मिळाले. ग्राही म्हणून फुलरीन (पिंजऱ्यासारखा कार्बन रेणू) लोकप्रिय झाले तेही या सिद्धांताला धरूनच: इलेक्ट्रॉन घेताना त्याची रचना फारशी बदलत नाही, म्हणून जाणे जलद होते आणि परतणे मंद.

दाता आणि ग्राही वेगळेच असावे लागतात असेही नाही. बायअँथ्रिलमध्ये दोन्ही अर्धे अगदी सारखे असतात. तरी ध्रुवीय द्रावकात प्रकाश शोषल्यावर एक अर्धा धन व दुसरा ऋण होतो. भोवतालच्या द्रावकाचे रेणू फिरून हा असमतोल सावरून धरतात. याला सममितीभंगी प्रभार-विलगन म्हणतात.

मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांत या विषयाच्या प्रयोगशाळा आहेत. मुंबईत पवईच्या आयआयटीत एम. रविकांत यांच्या गटाने गाभ्यातला नायट्रोजन बदलून गंधक घातलेली पॉर्फिरिने आणि त्यांना जोडलेली बोडिपी रंजके तयार केली. अशा जोड्यांत अनेकदा इलेक्ट्रॉन न जाता केवळ ऊर्जा एका रंजकाकडून दुसऱ्याकडे जाते. दोन्ही क्रियांची स्पर्धा असते आणि प्रयोगात त्या वेगळ्या ओळखाव्या लागतात. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात हिरेंद्र घोष व सहकाऱ्यांनी टायटेनियम डायऑक्साइडच्या सूक्ष्मकणांना बांधलेल्या रंजकांतून इलेक्ट्रॉन त्या कणांत कसा शिरतो व कसा परततो, हे अतिजलद लेसर स्पंदांनी मोजले. एका स्पंदाने रंजक उत्तेजित करायचे आणि किंचित उशिरा धाडलेल्या दुसऱ्या स्पंदाने त्याचे शोषण तपासायचे, अशी ही पद्धत.

पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत जयराज नित्यानंदन यांचा गट अशाच रंजक बांधलेल्या ऑक्साइडच्या सौरघटांसाठी स्क्वेरेन रंजके घडवतो. ही रंजके ६०० नॅनोमीटरपलीकडचा तांबडा प्रकाश जोरकस शोषतात, पण ऑक्साइडच्या पृष्ठभागावर एकमेकांना चिकटून थर धरतात. म्हणून रेणूवर लांब अल्किल साखळ्या बसवल्या जातात. त्या रंजकांना एकमेकांपासून दूर ठेवतातच, शिवाय घटातल्या द्रावणातील ट्रायआयोडाइडला ऑक्साइडच्या पृष्ठभागाजवळ येऊ देत नाहीत, त्यामुळे तिथला इलेक्ट्रॉन द्रावणात परत निसटण्याचे प्रमाण घटते.