रोजच्या व रानातील वापराचे बूट

रोजच्या व रानातील वापराचे बूट ही चालणे, शेतकाम, मजुरी आणि डोंगरभटकंती यांसाठी वापरली जाणारी बंद पादत्राणे होत. इंग्रजीत घोट्याखालच्या आणि घोट्यावरच्या बंद पादत्राणांना वेगवेगळी नावे आहेत. मराठीत मात्र शाळेचे काळे बूट, कॅनव्हासचे बूट, कारखान्यातील सुरक्षा बूट आणि गुडघ्याशी पोहोचणारे गमबूट या सर्वांना 'बूट' हाच शब्द लावला जातो. त्यामुळे दुकानात 'मजबूत बूट' मागितल्यास काय हाती येईल याचा नेम नसतो. बुटाचा टिकाऊपणा त्याच्या किमतीपेक्षा तळ कसा जोडला आहे, साहित्य कोणते आहे आणि तो कोणत्या कामासाठी वापरला जातो यांवर अधिक अवलंबून असतो.

पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी हे तालुके या विषयाचे चांगले उदाहरण आहेत. डहाणूहून गंजाड–कासामार्गे जव्हारकडे जाणाऱ्या रस्त्यावरील आशागडसारख्या गावाच्या परिसरात किनारपट्टीची दमट हवा, भाताची खाचरे, चिकूच्या वाड्या आणि जंगलाचे डोंगर थोड्याच अंतरात एकत्र येतात. येथील एकाच कुटुंबाला वर्षभरात चिखलात, उंच गवतात, दगडी पायवाटेवर आणि तारापूर औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात वावरावे लागू शकते. या सर्व कामांना पुरेल असा एकच बूट अस्तित्वात नाही.

पार्श्वभूमी

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील पारंपरिक पादत्राण म्हणजे कातडी वहाण. ती कोरड्या, दगडाळ मुलखासाठी उत्तम असते. परंतु पाण्यात भिजल्यावर कातडे फुगते, वाळल्यावर कडक होते आणि टाके सुटतात. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेलाही हाच नियम लागू होतो. मोटारी वाढल्यानंतर जुन्या टायरपासून केलेल्या चपला खेड्यापाड्यांत रूढ झाल्या. स्वस्त, जवळपास न झिजणाऱ्या आणि खिळे लावून कोठेही दुरुस्त होणाऱ्या या चपलांइतका टिकाऊपणा पुढे आलेल्या थोड्याच पादत्राणांना साधला. मात्र त्या पायाचा वरचा भाग व घोटा उघडा ठेवतात आणि रानातील धोका नेमका तेथेच असतो.

रबरी बुटाचा पाया चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये शोधलेल्या व्हल्कनीकरणाच्या प्रक्रियेने घातला. गंधकासह तापवलेले रबर उन्हात चिकट होत नाही आणि थंडीत तडकत नाही. भारतात बाटा कंपनीने १९३१ पासून कोलकात्याजवळ उत्पादन सुरू केले आणि कारखान्यातील बूट सामान्यांच्या आवाक्यात येऊ लागला. महाराष्ट्रात स्वस्त बुटांचा मोठा पुरवठा आजही मुंबईतील ठक्करबाप्पा कॉलनीसारख्या वस्त्यांतील लहान कारखान्यांतून होतो. चर्मकार कारागिरांसाठी राज्य शासनाचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ १९७४ पासून कार्यरत आहे.

रचना आणि साहित्य

बुटाचे ढोबळ भाग दोन: पाय झाकणारा वरचा भाग आणि सोल. बहुतेक बूट फाटून नव्हे, तर हे दोन भाग सुटून निकामी होतात. म्हणून जोडणीची पद्धत प्रथम पाहावी लागते.

सर्वांत स्वस्त पद्धत चिकटवण्याची. चिकटवलेला सोल कोरड्या हवेत बराच काळ टिकतो, पण रोज भिजून रोज वाळणाऱ्या बुटाचा सोल पंजाच्या वाकणाऱ्या जागी प्रथम उघडतो. दुसऱ्या पद्धतीत सोलचे द्रव्य साच्यात ओतून थेट वरच्या भागावर बसवतात. ही जोडणी अधिक पक्की असते, मात्र सोल झिजल्यावर बदलणे अवघड जाते. तिसरी पद्धत शिलाईची. हिच्यात सोल बदलता येतो, पण किंमत वाढते. चिकटवलेल्या नव्या बुटांना वापरण्यापूर्वीच कारागिराकडून सोलच्या कडेने टाके मारून घेण्याची जी पद्धत महाराष्ट्रात सर्वत्र दिसते, ती या तिन्हींमधील व्यवहार्य मध्यममार्ग आहे. थोड्या खर्चात स्वस्त बुटाचे आयुष्य लक्षणीय वाढवणारा याहून चांगला उपाय नाही. तथापि टाक्यांच्या छिद्रांतून पाणी आत येते. म्हणून पावसाळी बुटांना असे टाके मारत नाहीत.

सोलच्या साहित्यात रबर जड असते, पण ओल्या दगडावर चांगली पकड देते. पीव्हीसी स्वस्त व तेलाला दाद न देणारे असले, तरी गुळगुळीत ओल्या फरशीवर घसरते आणि सतत उन्हात राहिल्यास कडक होऊन चिरते. पॉलियुरेथेन हलके व मऊ असते; मात्र दमट हवेत त्याचे जलअपघटन होते, म्हणजे हवेतील ओलाव्यानेच त्याची रासायनिक बांधणी तुटत जाते. काही वर्षे खोक्यात जपून ठेवलेल्या, जवळपास नव्या बुटाचा सोल पहिल्याच चालीत भुसा होऊन गळून पडतो, त्याचे कारण हेच. किनारपट्टीवर असे बूट न वापरता साठवून ठेवणे हा तोट्याचा व्यवहार ठरतो.

ऋतूनुसार वापर

जून–जुलैत भाताच्या लावणीच्या वेळी गमबूट फारसे वापरले जात नाहीत आणि त्याची कारणे सयुक्तिक आहेत. गाळात बूट रुततो, पाय उचलताना आत ओढला जातो, वरून पाणी शिरल्यास जड होतो आणि अरुंद बांधावर अनवाणी पायाची बोटे जशी पकड घेतात तशी त्याला घेता येत नाही. शेतमजुराने गमबूट घालावा हा सल्ला अनेकदा या अडचणींचा विचार न करता दिला जातो.

पाऊस ओसरल्यावर परिस्थिती बदलते. भातकापणी, गवतकापणी, बांधावरचे झुडूप काढणे, वाडीतील पालापाचोळा गोळा करणे ही कामे कोरड्या किंवा निमओल्या जमिनीवर होतात आणि त्यांत गमबूट अडथळा ठरत नाही. या पट्ट्यात गवतकापणीची मजुरी जुनी आहे. १९४५ च्या वारली आदिवासींच्या लढ्यात गवतकापणीचा दर हा एक मुख्य प्रश्न होता. हात जमिनीलगत, पाय गवतात आणि नजर विळ्यावर अशी या कामाची रीत असल्याने पायाचे संरक्षण येथे सर्वाधिक उपयोगी पडते.

सर्पदंश आणि बूट

भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी सुमारे ५८,००० मृत्यू होतात, असा अंदाज २००० ते २०१९ या काळातील मृत्यूंच्या देशव्यापी अभ्यासात मांडण्यात आला. मृतांत ग्रामीण भागातील शेतकरी व मजूर यांचे प्रमाण मोठे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला. डहाणू तालुका या संशोधनात अपरिचित नाही: भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मुंबईतील प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयातील सर्पदंशाच्या नोंदींचा, तसेच येथील आदिवासी समाजातील सापांविषयीच्या समजुतींचा अभ्यास केला आहे.

नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे महाराष्ट्रातील चार प्रमुख विषारी साप. शेतात काम करताना होणारे बहुतेक दंश पायाला, घोट्याखाली किंवा घोट्याच्या आसपास होतात. घोणस पाचोळ्यात निश्चल पडून राहतो आणि पाय पडल्यावर चावतो. फुरसे आकाराने लहान असून दगडाळ, मोकळ्या जागी आढळते. या दोहोंपासून घोट्याच्या वर जाणारा जाड बूट चांगले संरक्षण देतो. गमबूट पोटरीपाशी किंचित सैल असणे येथे दोष नसून गुण आहे, कारण बूट व कातडी यांत मोकळी जागा राहते. घट्ट, पातळ कापडी बूट मात्र दात रोखू शकतीलच असे नाही. म्यानमारमध्ये घोणसदंशाचे प्रमाण मोठे असल्याने भातशेतकऱ्यांसाठी हलक्या संरक्षक बुटांच्या चाचण्या घेण्यात आल्या होत्या.

बुटाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. मण्यार रात्री घरात, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तेथे बूट निरुपयोगी असून खाट व मच्छरदाणी उपयोगी पडते. झुडपात राहणाऱ्या चापड्याचा दंश हाताला होऊ शकतो. रात्री अंधारात चालताना बुटाइतकीच विजेरी महत्त्वाची असते. दंश झाल्यास बूट, जोडवी, पैंजण हलकेच काढावीत, कारण सूज वाढल्यावर ती रुततात. आवळपट्टी बांधू नये, जखम कापू नये, पाय स्थिर ठेवून रुग्णाला प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात तत्काळ न्यावे.

पावसाळ्यातील पायाचे आजार

उंदीर व अन्य प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. जंतू पायावरील जखमा, भेगा यांतून शरीरात शिरतात. पायाला जखम असताना चिखलात उतरावे लागल्यास न गळणारा गमबूट हा साधा व परिणामकारक उपाय आहे. याउलट ओला बूट दिवसभर घातल्यास बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. पायमोजे न घालता वापरलेल्या रबरी बुटात घाम साचून तोच परिणाम होतो. बूट ओलाच राहणार असेल, तर पट्ट्यांची रबरी सँडल बरी, असे रोजच्या रस्त्यावरच्या चालीपुरते म्हणता येते. गवतात ही सवलत नाही.

माप

भारतात प्रचलित असलेली मापे मुख्यतः ब्रिटिश पद्धतीची असून त्यांत एका क्रमांकाचा फरक एक तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर असतो. युरोपीय क्रमांकांत हे अंतर सुमारे पावणेसात मिलिमीटर आहे. दोन्ही पद्धती लांबीच मोजतात. भारतीय पाय पंजाशी तुलनेने रुंद असल्याने अनेक जण रुंदीसाठी एक क्रमांक मोठा बूट घेतात; मग टाच आत सरकते आणि बूट चावतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेऊन 'भा' ही भारतीय मापपद्धती प्रस्तावित केली आहे.

पाय संध्याकाळी किंचित सुजलेला असतो. त्या वेळी, जे पायमोजे वापरायचे तेच घालून, दोन्ही पायांत बूट घालून पाहावा. उभे राहिल्यावर अंगठ्यापुढे साधारण एक सेंटिमीटर मोकळी जागा हवी, अन्यथा उतारावर नखे काळी पडतात.

स्त्रियांच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. लावणी व कापणीचे मोठे काम स्त्रिया करतात, परंतु बाजारातील कामाचे बूट बहुतांशी पुरुषांच्या मापांत येतात. परिणामी ज्या पायांना संरक्षणाची गरज अधिक, त्यांच्या मापाचा बूट दुकानात नसतो आणि सैल गमबुटात दोन पायमोजे घालून काम भागवावे लागते.

किंमत आणि निवड

इंग्रज लेखक टेरी प्रॅचेट यांच्या १९९३ मधील 'मेन अ‍ॅट आर्म्स' या कादंबरीत एक पात्र असा हिशेब मांडते की, गरीब माणूस स्वस्त बूट पुनःपुन्हा घेतो आणि अखेर श्रीमंतापेक्षा अधिक पैसे खर्च करूनही त्याचे पाय ओलेच राहतात. अर्थशास्त्रावरील लेखनात हे उदाहरण पुढे वारंवार आले. कल्पित आकडे घेतल्यास, ४०० रुपयांचा बूट चार महिने टिकला तर महिन्याचा खर्च १०० रुपये; १,२०० रुपयांचा बूट दोन वर्षे टिकला तर ५० रुपये. परंतु रोजंदारीवरील माणसापाशी १,२०० रुपये एकदम नसतात. शिवाय महाग बूट टिकेलच याची हमी नाही. नावाजलेल्या छापाच्या धावण्याच्या बुटाचा मऊ सोल खडीच्या रस्त्यावर टायरच्या चपलेपेक्षा कितीतरी लवकर झिजतो.

कमी पैशांत दोन जोड्या घेणे बहुधा एका महाग जोडीपेक्षा हिताचे ठरते: रानासाठी काही शे रुपयांचा गमबूट आणि रोजच्यासाठी शिवलेला, दुरुस्त होणारा बूट. खरेदी करताना बूट हाताने वाकवून पाहावा. तो पंजापाशी वाकला पाहिजे, मधोमध नव्हे. टाचेची वाटी दाबल्यावर लगेच चेपू नये. सोलची कड नखाने उचकटून पाहता फट दिसू नये. गमबुटात हात घालून आतले अस्तर व जोड तपासावेत. औद्योगिक रबरी बुटांसाठी भारतीय मानक आयएस ५५५७, पीव्हीसी बुटांसाठी आयएस १२२५४ आणि पोलादी टोपी असलेल्या सुरक्षा बुटांसाठी आयएस १५२९८ ही मानके आहेत. आयएसआय चिन्हाखालील परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' या अ‍ॅपवर पडताळता येतो. कारखान्यात वापरून टाकलेले सुरक्षा बूट जुन्या बाजारात स्वस्त मिळतात, पण त्यांची जड पोलादी टोपी लांबच्या चालीत बोटांना जाचते.

शालेय मुलांबाबत राज्य शासनाने २०२३ मध्ये गणवेशासोबत एक जोडी बूट व दोन जोड्या पायमोजे देण्याचा निर्णय घेतला. त्यासाठी प्रति विद्यार्थी १७० रुपयांची तरतूद होती. या रकमेत दोन्ही वस्तू टिकाऊ मिळणे कठीणच. वाढत्या वयाच्या मुलाचा पाय वर्षभरात बुटाबाहेर जातो, ही बाब त्याहून वेगळी.

डोंगरवाटांवरील बूट

डहाणू तालुक्यातील गंभीरगड व पालघर तालुक्यातील अशेरीगड येथे जाणाऱ्यांसाठी पकड हा मुख्य निकष ठरतो. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट कोरडा असताना उत्तम पकड देतो, पण शेवाळ धरल्यावर त्यावर कोणताही सोल घसरू शकतो. खोल खाचांच्या रबरी सोलचा प्रसार इटालियन गिर्यारोहक व्हिताले ब्रामानी यांच्यामुळे झाला. १९३५ मध्ये आल्प्समध्ये त्यांचे सहा सहकारी मृत्युमुखी पडले. अयोग्य पादत्राणे हे त्यामागील एक कारण मानले गेले. त्यानंतर १९३७ मध्ये त्यांनी हा सोल तयार केला. खाचा रुंद असाव्यात, नाहीतर पावसाळ्यातील लाल माती त्यांत भरून सोल सपाट होतो. जलरोधक अस्तराचे महाग बूट कोकणच्या पावसात फारसे कामाचे नाहीत. पाणी वरून शिरते आणि मग बाहेर पडत नाही.

देखभाल

ओला बूट चुलीजवळ किंवा कडक उन्हात वाळवल्यास चिकटवण सुटते व कातडे तडकते. नाड्या सैल करून, आतला तळ काढून, वर्तमानपत्राचे बोळे भरून तो सावलीत ठेवावा. कागद भिजला की बदलावा. गमबूट वापरानंतर धुऊन उलटे टांगावेत. सोल थोडा उघडताच कारागिराकडे नेल्यास काम सोल्युशनवर भागते; उशीर केल्यास पाणी व माती आत जाऊन जोड पुन्हा धरत नाही.

बाहेर ठेवलेला बूट घालण्यापूर्वी उलटा करून आपटावा. विंचू, गोम, क्वचित लहान साप आत आश्रय घेतात. कोकणातील लाल विंचवाचा दंश हृदयावर परिणाम करतो, महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून देईपर्यंत अशा दंशांतील मृत्यूंचे प्रमाण मोठे होते.