बंबाचें उघडें तोंड

पूर्वीच्या चांदा जिल्ह्याच्या आणि 1982 पासून गडचिरोली जिल्ह्याच्या अगदीं टोकास, भामरागडजवळ, हेमलकसा हें गांव आहे. पामुलगौतम, पर्लकोटा व इंद्रावती या नद्यांचा संगम तेथून जवळच. हा सारा मुलूख माडिया गोंडांचा. पौषांत या रानांत थंडी अशी पडते कीं, पुरेसें पांघरूण नसलेल्या माणसाला विस्तवावांचून रात्र काढणें कठीण. म्हणून शेकोटी पेटवावी, तिच्याजवळ अंग चोरून निजावें, आणि लांकूड विझत आलें कीं कोणी तरी उठून तें पुढें सारावें, अशी रीत चालत आली. ऊब मिळविण्याचा मनुष्यजातीचा पहिला उपाय तो हाच. त्यास नळ नाहीं, झडप नाहीं, दाबहि नाहीं. परंतु झोंपेंत कूस बदलली म्हणजे विस्तव अंगास भिडतो. 1973 च्या डिसेंबरांत बाबा आमटे यांनीं हेमलकशास लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं तेथें रुग्णसेवा आरंभिली, तेव्हां पुढें आलेल्या दुखण्यांत हिंवताप व सर्पदंश यांच्या जोडीला अशा भाजण्याच्या जखमाहि होत्या.

विस्तवाला माणसापासून दूर ठेवून पाण्याच्या पोटांत कोंडण्याची युक्ति देशावरच्या घरांत बंबाच्या रूपानें नांदली. श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं दिवाळीचें अभ्यंगस्नान बंबाच्या पाण्यानेंच केलें असेल. पुण्याच्या तांबट आळींत ठोकून घडविलेला तो तांब्याचा उभा घट; मधून धुराची नळी, तळाशीं जाळी, नळींत कोळसे किंवा लांकडाच्या ढलप्या, आणि नळीच्या सभोंवतीं पाणी. कांहीं बंबांना तोटी असे, तर कांहींना मुळींच नसे. अशा बंबांत वरच्या नरसाळ्यांतून तांब्याभर गार पाणी ओतावें. तें तळाशीं जाई आणि तितकेंच कढत पाणी वरच्या तोंडानें बाहेर पडे. कढत पाणी हलकें व गार पाणी जड, हा पदार्थविज्ञानाचा धडा न्हाणीघरांत रोज सकाळीं गिरविला जात असे, तो सुद्धां छडीवांचून! पण बंबाचा खरा गुण त्याच्या उघड्या तोंडांत होता. पाणी कितीहि खदखदलें तरी वाफेला वाट मोकळी असे. बंबानें हात भाजले असतील, न्हाणीघर धुरानें कोंदलें असेल, परंतु तोंड मोकळें असलेला बंब वाफेनें फुटावयाचा नाहीं.

बंद पात्राची गोष्ट निराळी. पाण्याची वाफ झाली कीं ती हवेंत सोळाशेंहून अधिक पट जागा मागते. ती जागा मिळाली नाहीं तर दाब चढत जातो. 1679 सालीं डेनिस पापिन या फ्रेंच विद्वानानें हाडें मऊ शिजविण्यासाठीं झांकण आवळलेलें पात्र केलें, आणि दाब बेतापलीकडे गेला कीं आपोआप उचलेल अशी वजनाची झडप पुढें त्याला बसविली. आज घरोघर कुकरवर शिटी देणारें वजन हें त्याच झडपेच्या कुळांतलें. पुढें गिरण्या व आगगाड्या आल्या, बॉयलर अजस्र झाले, आणि झडपेकडे दुर्लक्ष म्हणजे मनुष्यहत्या असें ठरूं लागलें. 1863 मध्यें कलकत्त्यास बॉयलर फुटून माणसें दगावलीं. लगेच दुसऱ्या वर्षीं बंगालमध्यें तपासणीचा कायदा झाला. साऱ्या देशासाठीं कायदा 1923 सालीं झाला. 2025 मध्यें त्याची जागा नव्या कायद्यानें घेतली. 1923 च्या कायद्याची व्याख्या मोठी मार्मिक होती: पांच गॅलनांहून मोठें, बंद, आणि मुद्दाम दाबाची वाफ करण्यासाठीं असलेलें पात्र तेवढें बॉयलर. बिचारा बंब यांतून सहजच सुटला.

थंड देशांत मात्र सबंध घर तापवावें लागतें. 1831 मध्यें लंडनमध्यें पर्किन्स यानें बारीक लोखंडी नळ्यांच्या बंदिस्त फेऱ्यांतून कढत पाणी खेळविण्याचें पेटंट घेतलें. त्यानेंहि फुगणाऱ्या पाण्यासाठीं हवेनें भरलेली एक जादा नळी ठेवली होती. विलायतेंत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना आज ज्या बॉयलरशीं गांठ घालावी लागते, त्यांतहि बहुधा तोच मेळ असतो. पाणी गार असतां कांटा एक ते दीड बारपर्यंत असावा. तीन बारला सुटकेची झडप उघडते. कांटा वारंवार खालीं येत असेल तर कोठें तरी गळती आहे, किंवा रेडिएटरमधली हवा नुकतीच काढलेली आहे. पाणी तापतांच तो फार वर चढत असेल तर फुगवट्याच्या टाकीतली हवा गेली आहे, किंवा पाणी भरण्याचा नळ नीट मिटलेला नाहीं. गॅसच्या भागाला घरच्या माणसानें हात लावूं नये. तें काम नोंदणी झालेल्या कारागिराचें.

महाराष्ट्रांत बंबाची जागा विजेच्या गीझरनें घेतली आणि पाणी पुन्हां बंद पात्रांत गेलें. पंचवीस लिटरांच्या गीझरांतील पाणी पंचवीस अंशांपासून पंचाहत्तर अंशांपर्यंत तापलें कीं तें सुमारें अर्धा लिटर वाढतें. हें वाढलेलें पाणी नळांत मागें परतूं शकलें नाहीं, तर झडपेवाटे थेंब थेंब बाहेर येतें. घरच्या लोकांस ती गळती वाटते. मग कोणी झडपेच्या तोंडाला बूच ठोकतो, आणि ठिबकणें थांबलें म्हणून मजुरी घेऊन जातो. पुढें कधीं तापमान आवरणारी कळ बिघडली तर त्या पाण्याला वाट उरत नाहीं.

पुण्यासारख्या शहरांत गच्च्यांवर सूर्याच्या उष्णतेनें पाणी तापविणाऱ्या टाक्या आहेत. त्यांतील पुष्कळांवर एक बारीक नळी उभी केलेली असते. तिला तोटी नसते. तिचें वरचें तोंड आभाळाकडे उघडें असतें.