पाणी, वीज आणि भाकरी : आमच्या बागाइतीचा एक हिशेब



बागाईत हा आम्हां माळी समाजाचा परंपरागत व्यवसाय होय. मोटेच्या पाण्यावर फुले व भाजीपाला पिकविणारे आमचे पूर्वज कालव्याच्या काठी गेले, तेथे उसाचे बागाईतदार झाले, आणि त्यांतील काहींनी साखरेचा कारखानाही उभारला. या कर्तृत्वाचे स्मरण अशा स्मरणिकांतून वारंवार होत असते व ते उचितच आहे. परंतु पाणी, वीज व अन्न या तिहींचा हिशेब एकत्र मांडून त्याच इतिहासाकडे पाहण्याचे आम्ही बहुधा टाळतो. तो अल्प प्रयत्न येथे करीत आहोत.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खनचा अवर्षणप्रवण पट्टा होरपळून निघाला. त्या संकटाच्या छायेत हाती घेतलेला नीरेचा डावा कालवा १८८५ मध्ये वाहू लागला. पाऊस हुकला तरी ज्वारी-बाजरी तगावी, हा त्याचा हेतू होता. तथापि पाऊस बरा झाला की ज्वारीचा शेतकरी पाटाकडे फिरकत नसे, आणि सरकारास पाणीपट्टीही मिळत नसे. ऊस मात्र शेतात बारा ते अठरा महिने उभा राही, सतत पाणी मागे आणि पट्टीही चुकती करी. अशा रीतीने भाकरीसाठी खोदलेला कालवा हळूहळू गुळाचा झाला.

या वाटणीच्या प्रश्नाकडे महात्मा जोतीराव फुले यांचे लक्ष पूर्वीच गेले होते. १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी बंधारे-तळी बांधण्याचा आग्रह धरला. एवढेच नव्हे, तर प्रत्येकाच्या जमिनीच्या गरजेप्रमाणे तोटीने मोजून पाणी द्यावे, असेही सुचविले. त्यांच्या नावाचा जयघोष आम्ही नित्य करतो. त्यांच्या तोटीची आठवण मात्र आम्हांस क्वचितच होते.

कऱ्हेकाठच्या सासवड परिसरातील आमचे बांधव विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नीरेच्या व गोदावरीच्या कालव्यांवर गेले. बैलगाडीवर संसार लादून, खंडाने जमिनी घेऊन, परमुलखात त्यांनी उसाचे मळे उभे केले. १९३२ मध्ये सासवड माळी शुगर फॅक्टरी स्थापन झाली आणि माळशिरस तालुक्याच्या माळरानावर माळीनगर वसले. सहकारी कारखानदारीचा उदय होण्यापूर्वी शेतकऱ्यांनी स्वतःच्या भांडवलावर केलेले हे धाडस आजही आमची छाती अभिमानाने भरून आणते.

परंतु त्याच कालव्यांनी दुसराही धडा दिला. काळ्या, खोल जमिनीस पाणी अमर्याद पाजल्याने नीराकाठची पुष्कळशी शेते पाणथळ व खारवट झाली. ज्या पाण्याने वैभव दिले, त्यानेच जमीन चोपण केली. यावर उपाय म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या विचारातून नीरेवर ब्लॉक पद्धत आली. ऊस ठरावीक भागातच घ्यावा, उरलेल्या क्षेत्रात हंगामी पिके फिरवावीत आणि पाणी अधिक गावांस पुरवावे, हे तिचे सार होते. नियम शहाणपणाचा होता. लोभ मात्र नियमाहून बलवान ठरला.

पुढे वीज आली. नीरा भीमेस व भीमा कृष्णेस मिळते. त्याच कृष्णेच्या खोऱ्यातील कोयनेचे पाणी १९६२ पासून सह्याद्रीतून पश्चिमेस सोडून वीज निर्माण होऊ लागली. ते पाणी वाशिष्ठीवाटे समुद्रास जाते. पूर्वेच्या शेतास ते पुन्हा लाभत नाही. म्हणूनच कृष्णा पाणीवाटप लवादाने १९७६ च्या अंतिम निर्णयात कोयनेच्या या वळवणीस वार्षिक ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. वीज करावयाची तर पाणी सोडावे लागते, आणि विहिरीचे पाणी वर आणावयाचे तर वीज लागते, असे हे चक्र आहे.

मोटेचे बैल थकत, तेव्हा विहिरीसही विसावा मिळे. विजेचा पंप थकत नाही. पुढे आकारणी मीटरऐवजी अश्वशक्तीवर होऊ लागली, तेव्हा पंप थांबविण्याचे कारणही उरले नाही. एप्रिल २०२४ पासून तर साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांस राज्यात मोफत वीज मिळू लागली. कोरडवाहू शेतकऱ्यास त्याचा आधार वाटला, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु वीज विनामूल्य झाली म्हणून भूगर्भातील पाणी वाढत नाही, हेही तितकेच खरे.

याचे उत्तर आमच्या मूळ गावाच्या शिवेवरच सापडते. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या संख्येवर वाटावयाचे : माणशी अर्धा एकर, कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनासही हक्क. उपसा योजनेच्या पाण्यावर ऊस घ्यावयाचा नाही. ज्या तालुक्यातून आमचे वाडवडील पाण्याच्या शोधार्थ बाहेर पडले, त्याच तालुक्याने पाणी वाटून खाण्याची रीत घालून दिली!

उसाने आमची घरे बांधली, मुले शिकविली. समाजकार्याच्या देणग्यांतही त्याचा वाटा आहे. ते ऋण आम्ही विसरत नाही. परंतु शेजारच्या कोरड्या गावातील ज्वारीचा शेतकरीही आमचाच बांधव आहे. आमच्या मळ्याचा हिशेब मांडताना त्याच्या विहिरीचा तळ आम्ही पाहिला नाही, तर तो हिशेब अपुराच राहील. ठिबक, पीकपालट आणि मोजून घेतलेले पाणी यांचा आरंभ आपल्या समाजातील सुस्थित बागाईतदारांनी स्वतःच्या शेतापासून करावा, अशी आमची नम्र विनंती आहे. जोतीरावांच्या प्रतिमेस हार घालणाऱ्या हातांनी त्यांची तोटीही बसवावी. पूर्वजांच्या कष्टांचे याहून उचित स्मारक आम्हांस दिसत नाही.