वेदनेची खानेसुमारी

मोमिनपुऱ्यातल्या आमच्या घराचा जिना अम्मी गुडघे धरून चढायची. विचारलं तर म्हणायची, ‘वय झालं.’ दवाखान्यात ती गेलीच नाही, म्हणून तिचं दुखणं कुठल्या नोंदवहीत चढलं नाही.

अशी बेनोंद दुखणी मोजण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं संधिवाततज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेसोबत १९८१ साली ‘कॉपकॉर्ड’ हा उपक्रम सुरू केला. आपल्याकडे १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूनं तो राबवला. रोग्यानं दवाखान्यात यायची वाट पाहायची नाही, आपणच त्याच्या दारी जायचं, ही त्यामागची रीत. आधी स्वयंसेवक घरोघर विचारत, ‘दुखतं का? कुठं दुखतं?’ मग सविस्तर प्रश्नावली, शेवटी डॉक्टरांची तपासणी. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे शंभरात अठरांना, सांध्या-स्नायूंचं दुखणं निघालं. पुढे याच पद्धतीनं इतर राज्यांतही पाहण्या झाल्या. प्रश्न सारखे असले, तरच एका मुलखाची दुसऱ्याशी तुलना करता येते.

अम्मी आज नाही. तिच्या दारी कुणी विचारायला आलं असतं, तर तिनं आधी चहा ठेवला असता. मग हळूच गुडघ्यावर बोट ठेवलं असतं.